उठलेल्या गावांचा हिशेब : ‘चेर्नोबिल’ मालिका भंडाऱ्यातून पाहताना

‘चेर्नोबिल’ मालिकेच्या चौथ्या भागाच्या सुरुवातीला एक म्हातारी गाय दोहत बसलेली दिसते. शेजारी एक तरुण शिपाई उभा आहे. गाव रिकामं करायचा हुकूम आहे, उठा, असं तो तिला सांगतो आहे. म्हातारी हात न थांबवता आपलं वय सांगते, ब्याऐंशी. मग सगळा पाढा वाचते. क्रांतीच्या वेळी शिपाई आले आणि जा म्हणाले, ती गेली नाही. स्टालिनच्या काळात दुष्काळ पडला, बहिणी गेल्या, तरी ती राहिली. जर्मन आले, पुन्हा रशियन आले, भाऊ परतले नाहीत, तरी ती इथंच राहिली. एवढं सगळं पाहिल्यावर आता जे डोळ्याला दिसतसुद्धा नाही त्याच्यासाठी घर सोडायचं का, असा तिचा प्रश्न आहे. शिपायाकडे उत्तर नाही. तो बादली उचलून दूध मातीत ओततो. म्हातारी बादली परत ओढून घेते आणि पुन्हा धार काढू लागते. शेवटी तो गायीला गोळी घालतो.

हा सगळा प्रसंग चार-पाच मिनिटांचा आहे. क्रेग मेझिन यांनी लिहिलेली आणि योहान रेंक यांनी दिग्दर्शित केलेली ही पाच भागांची मालिका मे-जून २०१९ मध्ये एचबीओवर आली. आपल्याकडे ती हॉटस्टारवर पाहिली गेली आणि पुढे तिला एमी पुरस्कारांची रास मिळाली. तिच्यावर भरपूर लिहिलं गेलं, पण ते बहुतेक सोलून निघालेल्या कातड्यांबद्दल, अणुभट्टीच्या छतावरच्या नव्वद सेकंदांबद्दल आणि सोव्हिएत खोटेपणाबद्दल. या लेखात बोलायचं आहे ते त्या म्हातारीबद्दल. अणुदुर्घटनेची मानवी किंमत किती, या प्रश्नाचं सर्वांत मोठं उत्तर तिच्याकडे आहे असं मला वाटतं. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्याला ते जरा लवकर कळतं. का, ते पुढे येईलच.

आधी घटना थोडक्यात. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री एक वाजून तेवीस मिनिटांनी युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या चौथ्या भट्टीचा स्फोट झाला. वीजपुरवठा तुटला तर फिरत्या टर्बाइनच्या उरलेल्या गतीवर थंड पाण्याचे पंप काही काळ चालतील का, एवढीच चाचणी चालली होती. ती लांबत लांबत रात्रपाळीवर आली. भट्टीची शक्ती नको तितकी खाली गेली, ती वर आणण्यासाठी नियंत्रक कांड्या बाहेर ओढल्या गेल्या. शेवटी भट्टी बंद करण्याची कळ दाबली, तेव्हा आत शिरणाऱ्या कांड्यांच्या ग्राफाइटच्या टोकांनीच क्षणभर शक्ती वाढवली. रचनेतला हा दोष सोव्हिएत तज्ज्ञांना आधीपासून ठाऊक होता. भट्टी चालवणाऱ्यांना तो सांगितला गेला नव्हता. मालिकेच्या शेवटच्या भागात लाल-निळ्या पाट्या लावून हे सगळं समजावलं आहे. अणुभौतिकी इतकी सोपी करून सांगणारं दुसरं नाट्य मी तरी पाहिलेलं नाही.

पण ज्या माणसाच्या तोंडी हे स्पष्टीकरण आहे तो व्हालेरी लेगासोव त्या खटल्याला प्रत्यक्षात हजरच नव्हता. जुलै १९८७ मध्ये चेर्नोबिल गावात खटला चालला. संचालक ब्रुखानोव, मुख्य अभियंता फोमिन आणि उपमुख्य अभियंता द्यात्लोव यांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. लेगासोव यांनी जे काही सांगितलं ते ऑगस्ट १९८६ मध्ये व्हिएन्नात, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेपुढे, आणि तेही अर्धंच. दोष तिथं मुख्यतः माणसांवर ठेवला गेला. उलाना खोम्युक ही तर पूर्ण काल्पनिक व्यक्तिरेखा. लेगासोव यांना मदत करणाऱ्या अनेक शास्त्रज्ञांची मिळून एक बाई केली आहे. हेलिकॉप्टर पडलं हे खरं, पण ते ऑक्टोबरमध्ये, क्रेनच्या तारेला पातं लागून. मालिकेत ते पहिल्याच दिवसांत पडतं. भट्टीखालच्या पाण्यात उतरलेले तीन अभियंते आता मरणार असं मालिकाभर वाटत राहतं. पण ते तिघेही त्यातून वाचले आणि शेवटच्या पाट्यांत मालिकाही तसं सांगते. त्याच पाट्यांत रेल्वेपुलावर उभं राहून आग पाहणाऱ्यांपैकी कुणीही वाचलं नाही असं म्हटलं आहे, त्याला मात्र भरवशाचा पुरावा नाही.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते आणि रात्र-रात्र नाटकं चालतात. तिथल्या प्रेक्षकाला यात नवल वाटणार नाही. नाटकाला खलनायक लागतो. तो पहिल्या अंकात आवाजावरून ओळखू यायला हवा. द्यात्लोवला मालिकेनं नेमकं तेच काम दिलं आहे. खऱ्या द्यात्लोवनं पुढची वर्षं, स्वतः किरणोत्सर्गानं आजारी असताना, दोष भट्टीच्या रचनेत होता हे सांगण्यात घालवली आणि १९९२ सालच्या आंतरराष्ट्रीय फेरअहवालानं बऱ्याच अंशी तसंच म्हटलं. तो निर्दोष होता असा याचा अर्थ नाही. पण खलनायक एकच ठरला की हिशेब सोपा होतो, आणि चेर्नोबिलचा हिशेब सोपा नाही.

मेलेल्यांची मोजणीच घ्या. व्हालेरी खोदेमचुक हा पंपचालक स्फोटातच गेला. त्याचा देह कधी सापडलाच नाही, तो आजही त्या भट्टीखाली आहे. दुसरा कामगार सकाळपर्यंत गेला. तीव्र किरणोत्सर्गाचा आजार १३४ जणांना झाल्याचं निश्चित झालं, त्यातले २८ पहिल्या काही महिन्यांत मॉस्कोच्या सहा क्रमांकाच्या रुग्णालयात वा इतरत्र मरण पावले. अधिकृत आकडा एकतीसवर थांबला आणि पुढे वर्षानुवर्षं तिथंच राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि इतर संस्थांच्या चेर्नोबिल फोरमनं २००५ मध्ये अंदाज दिला की सर्वाधिक किरणोत्सर्ग सोसलेल्या लोकांत कालांतरानं चार हजारांपर्यंत मृत्यू संभवतात. इतरांचे अंदाज याहून कितीतरी मोठे आहेत. यात कोण खोटं बोलतंय हा प्रश्न नाही. लाखो माणसांमध्ये कॅन्सरनं मरणारे एरवीही हजारोंनी असतात. त्यातला कोणता मृत्यू चेर्नोबिलचा, हे एकेका प्रेतावर लिहिलेलं नसतं.

भंडाऱ्याला दुसऱ्या प्रकारची मोजणी माहीत आहे. २४ जानेवारी २०२५ ला सकाळी साडेदहाच्या सुमारास जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, इमारतीचं छत कोसळलं, आणि संध्याकाळपर्यंत आकडा निश्चित झाला : आठ कामगार. त्या आठांचं दुःख कमी होतं असं कोण म्हणेल? पण त्या दुर्घटनेला आवाज होता, वेळ होती, हजेरीपट होता. ढिगारा उपसून झाला की मोजणी संपली. किरणोत्सर्गाला यातलं काहीच नसतं. म्हणून तर त्या रात्री केंद्रातल्या अधिकाऱ्यांनी ३.६ रॉन्टजेन या आकड्यावर विश्वास ठेवला. हाती असलेलं मोजयंत्र तेवढंच दाखवू शकत होतं. काटा टोकाला टेकला होता, आणि टोकालाच त्यांनी माप मानलं.

मालिकेतला सर्वांत जिव्हारी लागणारा धागा अग्निशामक व्हासिली इग्नातेंको आणि त्याची गरोदर बायको ल्युदमिला यांचा. तो स्वेतलाना अलेक्सिएविच यांच्या १९९७ सालच्या साक्षींच्या पुस्तकातून आला आहे. या बेलारूसी लेखिकेला २०१५ चं नोबेल मिळालं. त्या पुस्तकात ल्युदमिलाचं निवेदन अगदी आरंभी आहे, आणि मालिकेनं ते प्रामाणिकपणे उचललं आहे. नवऱ्याचे पाय सुजल्यामुळे बूट चढत नाहीत, शवपेटीवर काँक्रीट ओततात, हे सगळं. पण बाळानं आईच्या वाट्याचा किरणोत्सर्ग स्वतःवर घेतला म्हणून आई वाचली, हे मालिकेत खोम्युकच्या तोंडी घातलेलं वाक्य वैद्यकीयदृष्ट्या टिकत नाही. ल्युदमिलाला तसं वाटलं, तिला तसं सांगितलं गेलं, हे साक्ष म्हणून खरं. शास्त्रज्ञाच्या तोंडी मात्र ते घालायला नको होतं. त्या काळात अशाच भीतीपोटी चेर्नोबिलपासून शेकडो कोस दूर असलेल्या ग्रीसमध्ये गर्भपात वाढल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत झाली होती. भीतीनं घेतलेले ते जीवही कोणत्याच आकड्यात नाहीत.

आता म्हातारीच्या बादलीकडे वळू. चेर्नोबिलच्या ढगातून पहिल्या आठवड्यांत सर्वाधिक घात केला तो आयोडीन-१३१ नं. तो गवतावर बसतो, गवत गाय खाते, गायीतून दुधात, दुधातून मुलाच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत. दर आठ दिवसांनी तो निम्मा होतो, म्हणजे दोन-तीन महिन्यांत जवळजवळ संपतोच. तेवढे दिवस मुलांना दूध द्यायचं नाही, इतकंच वेळेवर सांगायला हवं होतं. ते अनेक गावांना वेळेवर सांगितलं गेलं नाही. लहानपणी ते दूध प्यालेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचे सहा हजारांहून अधिक रुग्ण सापडले. उपचारांनी बहुतेक वाचले, पंधरा गेले. नळ्या, रोबो आणि शिशाच्या पाट्या यांच्यापुढे दुधाची बादली किरकोळ वाटते, पण अनेक घरांत किरणोत्सर्ग शिरला तो तिच्यातूनच.

आणि तिचा एक थेंब महाराष्ट्रातही आला होता. वाचकांपैकी काहींना आठवत असेल, चेर्नोबिलनंतर युरोपीय समुदायाकडून दूध महापूर योजनेसाठी आलेल्या आयर्लंडच्या लोण्यावरून मुंबईत मोठं वादळ उठलं. हे लोणी किरणोत्सर्गी आहे, ते लोकांना देऊ नये, अशी मागणी करत डॉ. शिवराव शांताराम वागळे आणि इतर उच्च न्यायालयात गेले. तिथं याचिका फेटाळली गेली, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं तज्ज्ञांची समिती नेमली, समितीनं लोणी खाण्यायोग्य असल्याचा निर्वाळा दिला आणि १९८८ मध्ये विषय संपला. शास्त्र बहुधा समितीच्या बाजूचं होतं. प्रमाण ठरलेल्या मर्यादेच्या आत होतं. पण त्या याचिकेमागचा प्रश्न तोच होता जो गोठ्यातल्या म्हातारीचा : जे दिसत नाही त्याबद्दल तुमच्या शब्दावर विश्वास का ठेवायचा? फरक इतकाच की मुंबईकरानं धोका आहे असं मानलं आणि म्हातारीनं नाही असं मानलं. दोघांनाही स्वतः मोजून पाहायची सोय नव्हती.

आता मूळ मुद्दा. मेलेले एकतीस की चार हजार, यावर चाळीस वर्षं वाद चालू आहे. उठलेल्यांचा आकडा मात्र वादातीत आहे. २७ एप्रिलला दुपारी, म्हणजे स्फोटानंतर दीड दिवसानं, प्रिप्यात शहरातली जवळपास ४९ हजार माणसं बसमध्ये बसवली गेली. कागदपत्रं आणि तीन दिवसांचं सामान घ्या, असं सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यांत तीस किलोमीटरचा परिसर रिकामा झाला. त्या वर्षी एकूण १ लाख १६ हजार माणसं हलवली, आणि नंतरच्या वर्षांत आणखी दोन लाखांहून अधिक. प्रिप्यात रिकामं करायला उशीर झाला, ते आधीच करायला हवं होतं, याबद्दल दुमत नाही. पण नंतर जी गावं हलवली त्यांतल्या काहींबाबत आजचे अभ्यासक विचारतात, की तिथं राहून जो धोका होता तो उठण्याच्या धोक्याहून खरंच मोठा होता का. चेर्नोबिल फोरमचाच निष्कर्ष असा, की या दुर्घटनेतून उभा राहिलेला सर्वांत मोठा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानसिक आरोग्याचा होता. माणसं स्वतःला आजारी, निकामी, दुसऱ्यांच्या हातातली समजू लागली.

जपाननं हेच पुन्हा दाखवलं. फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांच्या किरणोत्सर्गानं मृत्यू झाल्याचं सरकारनं मान्य केलेलं एकच प्रकरण आहे. पण त्या प्रांतात स्थलांतर, छावण्या, तुटलेले उपचार यांमुळे गेलेल्यांची अधिकृत संख्या दोन हजारांच्या वर आहे. त्सुनामीत त्या प्रांतात थेट मेलेल्यांहूनही ती अधिक. बहुतेक म्हातारी माणसं. काहींना तर रुग्णालयातून उचलून बसमध्ये घातलं आणि वाटेतच ती गेली.

महाराष्ट्रात अणुभट्टीचा मोठा अपघात झालेला नाही. तारापूरला १९६९ पासून देशातल्या पहिल्या अणुभट्ट्या चालू झाल्या. तिथली मानवी किंमत विचारायची तर अपघाताआधीच विचारावी लागते : तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली आणि तिथल्या मच्छीमार-शेतकऱ्यांचा पुनर्वसनाचा झगडा भट्ट्या सुरू झाल्यावरही चालू राहिला. जैतापूरच्या आंदोलनात १८ एप्रिल २०११ ला नाटे इथं पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला. चेर्नोबिलचा पंचविसावा स्मृतिदिन आठवड्यावर होता आणि फुकुशिमा ताजं होतं. वर्तमानपत्रांनी त्याला अणुविरोध म्हटलं. माडबनच्या माणसाचा प्रश्न मात्र स्फोटाइतकाच कातळावरच्या जमिनीचा आणि खाडीतल्या मासळीचाही होता.

भंडाऱ्यातून ही मालिका पाहताना म्हातारीपाशी थबकायला होतं ते यामुळे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. निव्वळ योगायोग, पण त्याच आठवड्यात मॉस्कोत लेगासोव यांनी आपलं जीवन संपवलं. ३७२ कोटींचा तो प्रकल्प पुढे हजारो कोटींवर गेला, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प ठरला, आणि त्याच्या जलाशयासाठी भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली कित्येक गावं उठली. ‘गाव उठलं’ हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग मला नेहमी विलक्षण वाटतो. माणसं उठवली जातात, पण बोलताना गावच स्वतःहून उठून गेल्यासारखं वाटतं. उठवणारा वाक्यात कुठं दिसतच नाही.

धरण आणि अणुस्फोट यांची तुलना होत नाही, हे मलाही कळतं. एक योजून केलेलं काम, दुसरा अपघात. धरणाचं पाणी डोळ्याला दिसतं, त्यानं धान पिकतं. तरी उठणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर कागदपत्रं फार वेगळी नाहीत. महाराष्ट्रानं १९७६ मध्येच पुनर्वसनाचा कायदा केला होता. गोसीखुर्दच्या माणसांना तरीही २०१३ मध्ये सुमारे बाराशे कोटींचं विशेष पॅकेज जाहीर होईपर्यंत मोर्चे काढावे लागले, आणि त्यानंतरही ते थांबले नाहीत. घराची किंमत धरली गेली, झाडांची मोजणी झाली, विहिरीचे पैसे आले. पण नदीवर जाळं टाकणाऱ्या ढिवरांच्या नावावर नदीचा सातबारा नव्हता. गावच्या बोडीवर, चराईच्या रानावर, मोहफुलांवर कुणा एकाची मालकी नव्हती, म्हणून ती कुणाचीच नुकसानी ठरली नाही. मोबदल्याच्या तक्त्यात जे मावत नाही ते गेलंच नाही असं धरायचं, ही रीत चेर्नोबिलच्या एकतीसच्या आकड्याहून वेगळी कशी म्हणावी?

आणि न दिसणारं तर इथंही आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून याच जलाशयात येतं. पाण्याकाठच्या गावांनी त्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. पाण्याचे नमुने, अहवाल, मर्यादेच्या आत, मर्यादेच्या बाहेर... शब्द ओळखीचे आहेत.

मेझिन यांनी मालिकेला जोडून केलेल्या ध्वनिमुलाखतींत कुठं काय बदललं ते मोकळेपणानं सांगितलं आहे, हा त्यांचा मोठेपणा. माझी तक्रार त्यांनी इतिहास बदलल्याची नाही. कॅमेऱ्याला जळलेलं शरीर दाखवता येतं, पण तीस वर्षं परक्या गावच्या चौथ्या मजल्यावर बसून राहिलेली बाई दाखवता येत नाही. त्यामुळे पाच तासांच्या कथेत तीन-साडेतीन लाख माणसांच्या वाट्याला ती चार-पाच मिनिटं आली. ती मिनिटं त्यांनी इतकी अचूक वापरली, की बाकीच्या त्रुटी मी विसरायला तयार आहे.

म्हातारीच्या त्या उत्तरातही इतिहास आहे. ती निरक्षर अडाणी म्हणून दाखवलेली नाही. तिच्या आयुष्यात जितक्या वेळा शिपायानं तुझ्या भल्यासाठी निघ म्हटलं, तितक्या वेळा ते खोटं निघालं होतं. यावेळी पहिल्यांदाच ते खरं होतं. पण शिपाई तोच, बंदूक तीच, आणि त्याच्याही हातात मोजयंत्र नव्हतं. खऱ्या चेर्नोबिलमध्येही हजाराहून अधिक माणसं, बहुतेक म्हाताऱ्या बाया, रानावनातून लपतछपत बंदी असलेल्या क्षेत्रात परत आली आणि आपापल्या घरांत राहू लागली. सरकारनं काही वर्षांनी त्यांच्याकडे काणाडोळा केला. त्या बटाटे लावत राहिल्या, विहिरीचं पाणी पीत राहिल्या, आणि एकेक करून वयानं गेल्या. आता मोजक्याच उरल्या आहेत.

अणुवीज केंद्र मात्र लगेच बंद झालं नव्हतं. उरलेल्या भट्ट्या डिसेंबर २००० पर्यंत टप्प्याटप्प्यानं बंद झाल्या, आणि तिथल्या कामगारांसाठी प्रिप्यातच्या ऐवजी स्लावुतिच नावाचं नवं शहर वसवलं गेलं. सोव्हिएत संघाच्या वेगवेगळ्या प्रजासत्ताकांनी त्याचे मोहल्ले बांधले, म्हणून तिथं ताल्लिन मोहल्ला आहे, बाकू मोहल्ला आहे, येरेवान मोहल्ला आहे. आपल्याकडे उलट रीत. सरळ रेषेत आखलेले प्लॉट, मध्ये समाजमंदिर, हातपंप, आणि पाटीवर बुडालेल्या गावाचंच नाव, पुढे कंसात ‘पुनर्वसन’.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात तिकडे पितरांचा दिवस येतो. त्या दिवशी बंदी असलेल्या क्षेत्रातल्या मूळ रहिवाशांना त्यांच्या गावच्या दफनभूमीत जाऊ देत असत. माणसं थडग्यांवरचं गवत उपटत, रंगवलेली अंडी आणि पाव ठेवत, तिथंच बसून जेवत आणि संध्याकाळच्या आत तपासणीच्या फाटकातून बाहेर पडत. फाटकावर प्रत्येकाच्या हातापायांवरचा किरणोत्सर्ग मोजला जाई.